जळगाव: तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हॅम रेडिओचा एचएफ (शॉर्टवेव्ह) अँटेना लावायचाय, गच्ची मिळत नाहीये

मेहरूणवाली

नमस्कार मंडळी. जळगावला मेहरूण भागात राहते, पाच मजली बिल्डिंग, आमचा फ्लॅट तिसऱ्यावर. मागच्या वर्षी एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ चालवायच्या परवान्याची, परीक्षा दिली, रिस्ट्रिक्टेड ग्रेड, आणि आता डब्ल्यूपीसीकडून (केंद्र सरकारचं वायरलेस खातं) लायसन्स आलंय, व्हीयू३ चा कॉलसाईन, म्हणजे हवेतलं माझं नाव, मिळाला. आला त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर वीस वेळा लिहून काढला असेल. आता अडचण अशी की कॉलसाईन आहे, सेट आहे, फक्त अँटेनाला जागा नाही.

सेट म्हणजे मायक्रोबिटएक्स, हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या डिझाइनचा, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, साधारण १० वॉट. बोर्ड तयार मिळाला, डबा आणि वायरिंग मी आणि भावाने मिळून केलं. पॉवरला यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. हॉलमध्ये पडद्याच्या रॉडला धरून दहा मीटर वायर फिरवली, छताच्या कडेने, कोपऱ्यात वळवून. ऐकू काय येतं तर नुसता खर्रर्र आवाज, मध्येच एखादं ब्रॉडकास्ट स्टेशन, बस्स. १४ मेगाहर्ट्झवर एक-दोनदा कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटलं पण कॉलसाईन काही कळला नाही. ७ मेगाहर्ट्झवर सकाळी आपले महाराष्ट्रातले लोक गप्पा मारतात म्हणे, मला तिथे एक शब्द ऐकू येत नाही.

गच्चीचं विचारून झालं. सेक्रेटरी काका म्हणाले टॉवर लावू देणार नाही, आणि वर मार्च सुरू आहे, गच्चीवर पापड, बिबडे, कुरडया वाळत घालणं चालू झालंय, तिथे तार ताणलेली कुणालाच चालणार नाही. ते मलाही पटतं, आमच्या आईचे बिबडे पण तिथेच असतात.

माझ्याकडे जागा म्हणाल तर बाल्कनी आहे साडेतीन मीटर लांब, पूर्वेला तोंड, समोर मोकळा प्लॉट. बाल्कनीला लोखंडी ग्रिल. हॉलच्या खिडकीत कूलर बसवलेला, पत्र्याचा, तो आता जूनपर्यंत हलणार नाही. बिल्डिंगच्या मागच्या बाजूने गल्लीतली ११ केव्हीची लाईन गेली आहे, तिकडे मी काही लावणार नाहीये हे आधीच सांगते.

विचारायचंय असं की फ्लॅटच्या आत अँटेना लावून खरंच कुणाशी बोलता येतं का, का नुसता वेळ घालवते आहे मी? मॅग्नेटिक लूप (नळीचं गोल कडं) घ्यावा की वायर? खर्च दोन-अडीच हजारांच्या आत बसला तर बरं. आणि शेजारी लहान बाळ आहे, त्यांना काही त्रास होणार नाही ना हेही सांगा.

तारबाबू_भुसावळ

ताई, आधी मनापासून अभिनंदन. आपल्या भागात लायसन्स काढणारे मोजकेच, त्यात मुली त्याहून कमी. मी रेल्वेच्या सिग्नल अँड टेलिकॉममध्ये ३४ वर्षं काढली, रिटायर झाल्यावर भुसावळलाच फ्लॅटमध्ये आलो, त्यामुळे तुझं दुखणं मला चांगलं माहिती आहे.

वेळ वाया जात नाहीये. पण तू सुरुवात उलटीकडून केली. अँटेना नंतर बघ, आधी तो खर्रर्र कुठून येतो ते शोध. फ्लॅटमध्ये निम्मं भांडण या आवाजाशी असतं, तो तसाच राहिला तर कितीही भारी अँटेना आण, समोरचा तुला ऐकेल पण तुला तो ऐकू येणार नाही.

असं कर. सेट बॅटरीवर चालू ठेव, लॅपटॉपचा चार्जर काढ, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून मेन एमसीबी पाड. आवाज एकदम पडला तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी वर कर, ज्याला आवाज परत आला त्या खोलीतलं एकेक बटण बघ. माझ्याकडे तीन चोर निघाले, एक पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, गोल फिरवायचा असतो तो, पंखा हळू केला की हा जास्त ओरडतो. त्याच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचा कपॅसिटरवाला बसवला, संपला विषय. दुसरा स्वस्तातला एलईडी बल्ब, तिसरा सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर. कूलरच्या रेग्युलेटरकडेही बघून घे, आपल्याकडे चार महिने तो दिवसरात्र चालू असतो.

आता अँटेनाचं. तुझी बिल्डिंग आरसीसी, म्हणजे वर सळया, खाली सळया, कॉलममध्ये सळया, वीतभर अंतरावर जाळीच विणलेली. १४ मेगाहर्ट्झची लहर २१ मीटर लांबीची, तिच्या दृष्टीने तो स्लॅब म्हणजे जवळपास पत्राच. सिग्नलला आत-बाहेर करायला उघडी जागा एकच, खिडकी नाहीतर बाल्कनी. म्हणून छताला वायर फिरवण्यात काही हशील नाही. वायर जितकी बाहेरच्या हवेजवळ जाईल तितकं चांगलं, मग ती छोटी असली तरी चालेल.

आणि ७ मेगाहर्ट्झ तूर्त सोड. मला माहितीये आपल्या माणसांशी बोलायची ओढ तिथेच असते, पण हिशोब बघ. अर्धलहर डायपोलची (मधे केबल जोडलेल्या दोन भागांच्या तारेची) लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ ला भागलं की २० मीटर येतात. १४.१५ ला १० मीटर. आणि २८ ला पाच मीटर! तुझी बाल्कनी साडेतीनची, म्हणजे वर साडेतीन मीटर आडवी आणि दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण मीटर खाली लोंबती सोडली की पूर्ण डायपोल बसतो, एक इंचही कमी न करता. टोकं खाली वळली म्हणून फार बिघडत नाही, करंट मधे असतो, काम मधला भाग करतो.

शिवाय सध्या सूर्य साथ देतोय. २५ वं सौरचक्र (सूर्यावरचे डाग वाढण्या-कमी होण्याचं) २०२४ च्या सुमाराला शिखरावर गेलं, उतार लागला असला तरी दहा मीटर बँड, म्हणजे २८ मेगाहर्ट्झ, दिवसा उघडतोय. सकाळी पूर्वेकडे, जपान, इंडोनेशिया, दुपारनंतर युरोप. तुझी बाल्कनी पूर्वेलाच आहे, सकाळ साध.

लोखंडी ग्रिलपासून वायर निदान वीतभर बाहेर ठेव, पीव्हीसीच्या तुकड्यांवर. ग्रिलला चिकटली की ट्यूनिंग कुठल्या कुठे जातं. आणि बाळाचं विचारलंस ते बरं केलंस. दहा वॉट ही फार मोठी पॉवर नाही, पण अँटेना शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून, त्यांच्या पाळण्याच्या उंचीला नको. पाळण्यापासून दोन-अडीच मीटर लांब राहिली की काळजी नको. वायरच्या टोकाला मात्र ट्रान्समिटच्या वेळी कुणाचा हात लागता कामा नये, तिथे व्होल्टेज जास्त असतं, चांगला चटका बसतो.

चोपडा_लूपवाला

काकांचं सगळं बरोबर आहे पण लूपबद्दल कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितोय. मी चोपड्याला भाड्याच्या घरात राहतो, मालक खिळा ठोकू देत नाही, बाल्कनी नाही, एकच खिडकी. माझं सगळं मॅग्नेटिक लूपवर चालू आहे दोन वर्षं.

माझा लूप एक मीटर व्यासाचा. तांब्याची नळी एसीवाल्याकडून घेतली, ते फिटिंग करताना जी गुंडाळीतली नळी वापरतात तीच, सव्वातीन मीटर लागली. नळी जितकी जाड तितकं बरं, कारण एवढ्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर हवेत सोडणारा भाग) १४ मेगाहर्ट्झला एक दशांश ओहम पण भरत नाही, म्हणजे जोडात थोडा जरी रेझिस्टन्स राहिला की तुमची अर्धी पॉवर तिथेच गरम होऊन जाते. म्हणून स्क्रू लावून जोडू नका, झाळून घ्या, फ्रिज दुरुस्तीवाला पाच मिनिटात करून देतो. आत एक छोटा लूप, वीस सेंटीमीटरचा, त्याला कोॲक्स (सेटपासून येणारी जाळीवाली केबल) जोडायची. बस, तेवढंच.

खरी गंमत कपॅसिटरची. १४ ला साधारण ५० पिकोफॅरड लागतात, २८ ला दहा-बारा. मी जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन बदलायचा फिरता कपॅसिटर) काढला, दोन गँगवाला. दोन्ही गँग सिरीजमध्ये घेतल्या, म्हणजे मधल्या दांड्याच्या घासणाऱ्या कॉन्टॅक्टमधून करंट जात नाही आणि व्होल्टेज पण दोन ठिकाणी वाटलं जातं. आता हे नीट वाचा, दहा वॉटला पण त्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास जातं. पहिल्या रात्री मी पूर्ण पॉवर दिली, लाईट बंद होता म्हणून दिसलं, पात्यांच्या मधे निळी ठिणगी उड्या मारत होती, टिक टिक टिक, आणि ओझोनचा वास. दोन पात्यांवर काळे डाग कायमचे पडलेत. तेव्हापासून चार वॉटच्या वर जात नाही. तो कपॅसिटर प्लास्टिकच्या डब्यात बंद, फिरवायला एक हात लांब पीव्हीसीची दांडी. घरात पोरं असतील तर हे पहिलं काम.

त्रास काय तर १५-२० किलोहर्ट्झ सरकलं की परत ट्यून करावं लागतं. पण एफटी८ (लॅपटॉपने पाठवायचे छोटे डिजिटल निरोप) करणार असाल तर त्रासच नाही, तिथे सगळे एकाच जागी बसलेले असतात, १४.०७४ नाहीतर २८.०७४, एकदा ट्यून केलं की रात्रभर. आणि एफटी८ फ्लॅटवाल्यांसाठी वरदानच आहे भो, २०१७ ला आलं तेव्हापासून माझ्यासारख्यांना जग मिळालं, आवाजाच्या खाली वीस डेसिबलवर गाडलेला सिग्नल पण उचलतो. फक्त लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर पाहिजे, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात.

लूपची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, तो फिरवता येतो. उभ्या लूपच्या सपाट बाजूला, म्हणजे ज्या दिशेने तुम्ही त्याच्यातून आरपार बघाल त्या दिशेला तो बहिरा असतो. शेजारच्या घरातून आवाज येतोय, ते बल्ब बदलणार नाहीत, तर लूपची सपाट बाजू त्यांच्याकडे करून टाकायची, आवाज निम्म्याहून खाली येतो. हे वायरला जमत नाही. फक्त लूपपासून स्वतः दोन मीटर लांब बसा.

ताईकडे बाल्कनी आहे म्हणून पहिल्यांदा वायरच करा, स्वस्तात होईल. माझ्यासारखी फक्त खिडकीच असती तर लूप म्हटलं असतं.

मेहरूणवाली

काका, दादा, किती आभार मानू. आजच रात्री एमसीबी पाडून बघते, घरच्यांना सांगून ठेवलंय की साडेनऊला दहा मिनिटं अंधार.

एक शंका. बाल्कनीत साडेतीन मीटर तार आडवी दिसली की खालून जाणारा प्रत्येकजण विचारणार. सेक्रेटरी काकांना मी टॉवर नाही म्हणून सांगितलंय पण त्यांच्या डोक्यात टॉवरच आहे. असं काही करता येईल का की दिसायला अँटेना दिसणार नाही? कपडे वाळवायच्या दोरीचा विचार केला पण ओले कपडे टाकले तर?

सेक्रेटरी_देवपूर

मी हॅम नाही, धुळ्याला देवपूरमध्ये आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे सहा वर्षं. मुलगा हा धागा वाचत होता म्हणून मीही वाचला आणि राहवलं नाही. ताई, सेक्रेटरीच्या बाजूनेही ऐका.

आम्हाला रेडिओचं वावडं नाही. आमच्या डोक्यात तीन गोष्टी असतात. गच्चीला ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग जातं आणि वरच्या फ्लॅटवाला पावसाळ्यात माझ्या दारात उभा राहतो, ते दुरुस्त करायला लाखात खर्च येतो. दुसरं, वळवाच्या पावसात वीज. तिसरं, टॉवर म्हटलं की सभासदांना मोबाईल टॉवर आठवतो आणि रेडिएशनची भीती सुरू होते. चौथं पण आहे, पापडाची जागा, तुम्ही लिहिलंच आहे.

आमच्याकडे एका पोराने विचारलं होतं तेव्हा मीही नाहीच म्हणालो होतो. मग तो लायसन्सची झेरॉक्स घेऊन मीटिंगला आला. त्याने सांगितलं की ही तार आहे, टॉवर नाही, मोबाईल टॉवर चोवीस तास चालतो, मी आठवड्यातून चार तास बोलतो. आणि एक गोष्ट सांगितली जी सगळ्यांना लागली, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या बाई त्यांच्या हॅम टीमबरोबर पोर्ट ब्लेअरला होत्या, फोन बंद पडल्यावर त्यांच्या रेडिओवरून अंदमानातल्या लोकांची खुशाली मेनलँडला जात होती. आमच्या सोसायटीतले दोन जण अंदमानला फिरून आलेले, ते लगेच म्हणाले लावू द्या.

आम्ही काय अटी टाकल्या त्या सांगतो, तुमच्या सेक्रेटरींपुढे ठेवून बघा. गच्चीला एकही भोक नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीत वाळू-सिमेंट भरून त्यात बांबू उभा करायचा, बादली उचलून बाजूला ठेवता आली पाहिजे. तार डोक्याच्या वर राहील इतकी उंच, कुणाच्या मानेत अडकायला नको. केबल पाइपच्या डक्टमधून खाली. फेब्रुवारी संपला की उतरवायची, दिवाळीनंतर परत लावायची, म्हणजे पापडाचा आणि पावसाळ्याचा दोन्ही प्रश्न मिटतो. आणि हे सगळं अर्जावर लिहून सही. तोंडी मागितलं की आम्ही तोंडी नाही म्हणतो, कागदावर आलं की विचार करावा लागतो.

नंदुरबार_सातपुडा

ताई, दिसू नये म्हणता तर जळगावकरांना हे सांगायची गरज पडू नये! ठिबकची नळी घ्या. १६ एमएमची काळी लॅटरल, कुठल्याही कृषी केंद्रात मीटरवर मिळते. त्यातून इन्सुलेटेड तार ओवा आणि बाल्कनीत कुंड्यांच्या वर बांधून टाका. जळगावात बाल्कनीत ठिबकची नळी दिसली तर कोण विचारणार? नळी कोरडी पाहिजे फक्त, टोकं बंद करा म्हणजे पाणी शिरणार नाही. नळीमुळे तार थोडी लांब असल्यासारखी वागते, म्हणून आधी जास्त ठेवून मग कापा.

तारेसाठी सबमर्सिबल मोटार भरणाऱ्याकडे जा. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या इन्सुलेशनची तांब्याची वाइंडिंग वायर असते, उरलेले तुकडे वजनावर देतात. पाच मीटर म्हणजे त्यांच्यासाठी काहीच नाही, मला तर चहावर दिली.

आणि केबल. बाल्कनीपासून टेबलापर्यंत डीटीएचची आरजी-६ चालेल का असं पुढे विचारालच. चालते. ७५ ओहमची आहे पण त्याने फार तर दीडचा एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप, एक म्हणजे उत्तम) येतो, लॉस नेहमीच्या बारीक आरजी-५८ केबलपेक्षा कमीच. एकच, तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, सोल्डर धरत नाही, मी तासभर सोल्डरिंग आयर्न धरून बसलो होतो त्याच्यावर. एफ कनेक्टर दाबून बसवायचा आणि पुढे अडॅप्टर.

वेळ मिळाला तर ७० सेंटीमीटर बँडवर पण या. स्पेस स्टेशन वरून जातं तेव्हा ४३७.८०० मेगाहर्ट्झला त्याचा रिपीटर (ऐकलेलं परत पाठवणारा सेट) ऐकू येतो, बाल्कनीतून साध्या हँडसेटवर, पासच्या सुरुवातीला फ्रिक्वेन्सी वरच्या बाजूला आणि जाताना खालच्या बाजूला सरकते. पूर्वेची बाल्कनी म्हणजे अर्धं आकाश तुमचंच. मी तोरणमाळला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, अंगावर काटा आला होता.

मेहरूणवाली

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी एमसीबी. मेन पाडल्यावर लॅपटॉपच्या वॉटरफॉलवरचा (सिग्नलचं रंगीत चित्र) पिवळा पट्टा झर्रकन निळा झाला, भाऊ ओरडलाच. काका, तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर, हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर. दीडशे रुपयांचा पायऱ्यांवाला बसवला. मग एक बारीक टक टक टक उरली होती ती काही केल्या सापडेना, सगळे एमसीबी खाली तरी येतच होती. भाऊ छोटा रेडिओ घेऊन जिन्यात फिरला तर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातला एलईडी पॅनल. तो सोसायटीचा. सेक्रेटरी काकांना विचारून आमच्या पैशाने बदलला. लिफ्ट चालली की अजून आवाज येतो पण तेवढा अर्धा मिनिट मी थांबते, लिफ्ट काय बंद करणार.

अँटेना ठिबकच्या नळीतलाच केला. वायर मोटारवाइंडिंगवाल्याकडून. फक्त ते ओवणं! वायर वळलेली होती, नळी गुंडाळीतली, अर्ध्यात अडकायची. शेवटी नळी दुपारी बाल्कनीच्या उन्हात ठेवली, आपल्याकडचं ऊन, दहा मिनिटात मऊ होऊन सरळ झाली, आणि वायरच्या टोकाला मोत्याच्या माळेतला एक मणी बांधून ओवली, मग सरसर गेली. मधे नळी कापून फीड पॉइंट बसवला, पीव्हीसीच्या टी जोडात. प्रत्येक बाजू २ मीटर ६० ठेवली होती, कॉलेजातल्या सरांकडून नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) आणला एका दिवसासाठी. पहिल्या मापात एसडब्ल्यूआरचा खड्डा २६.९ वर आला, मग दोन-दोन सेंटीमीटर कापत गेलो. दोन्हीकडे साधारण अकरा सेंटीमीटर गेले तेव्हा २८.१ वर बसला, एसडब्ल्यूआर १.४. कापताना हात थरथरत होता कारण जास्त कापलं की परत जोडता येत नाही.

काकांनी चोक (केबलच्या बाहेरून परत येणारा करंट अडवणारा) लिहिला नव्हता पण मी वाचलं होतं म्हणून फीड पॉइंटच्या जवळ फेराइटच्या कोअरवर बारीक कोॲक्सचे दहा वेढे घातले. आधी एका ठिकाणाहून ऑनलाइन कोअर मागवला होता, तो नुसता दिसायलाच तसा निघाला, काही फरक पडला नाही. मग जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे तीन क्लिपवाले फेराइट ओळीने लावून बघितले, आवाजात थोडा फरक पडला पण दहा मीटर बँडला लॅपटॉपचा टचपॅड ट्रान्समिटला वेडावाकडा पळायचा, तेही थांबलं नाही. शेवटी एका ओएमनी (जुन्या हॅमनी) ६१ मिलिमीटरचा ४३ मटेरियलचा खरा कोअर पाठवला, त्याने टचपॅड शांत झाला.

आता ऐका. परवा सकाळी साडेसातला बसले. २८.०७४. पहिल्या पाळीतच स्क्रीनवर ओळी यायला लागल्या, एक, दोन, सात, अकरा. मला सुचेनाच. मायक्रोबिटएक्स २८ ला दहा वॉट देत नाही, माझ्या मीटरवर जेमतेम अडीच वॉट होते. एका इंडोनेशियाच्या स्टेशनला हाक मारली, चार पाळ्या काही नाही, पाचव्या पाळीला माझा कॉलसाईन लाल अक्षरात आला आणि पुढे उणे १६, म्हणजे माझा सिग्नल तिथे आवाजाच्या १६ डेसिबल खाली. आईला हाक मारली, ती हातात पोळपाट घेऊन आली, म्हणाली कुठे आहे? मी म्हटलं जावा बेटावर. ती म्हणाली एवढ्याशा नळीतून? मग जपानची दोन झाली. फायनलचे (पॉवर देणारे) आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टर फार गरम होतात, पंधरापैकी साडेबारा सेकंद सलग ट्रान्समिट असतं, म्हणून दोन हाकांनंतर एक पाळी सोडते आणि हीटसिंकवर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावलाय.

देवपूरचे काका, तुमचा निरोप मी छापून सेक्रेटरी काकांना दिला, खरंच. अर्ज, लायसन्सची झेरॉक्स, बादलीचं चित्र. त्यांनी दोन वेळा वाचला. आता म्हणाले दिवाळीनंतर बघू, पण त्याआधी एखाद्या रविवारी सकाळी दोन तास लावून दाखव, पापडाची गच्ची रिकामी असेल तेव्हा, मी स्वतः येऊन बघतो.

तारबाबू_भुसावळ

वा! अडीच वॉट आणि जावा! माझ्या पहिल्या दिवशी एवढं झालं नव्हतं बेटा. चोक लिहायचं राहिलं ही माझी चूक, बरं झालं तू स्वतः वाचलंस.

दोन तास मिळालेत ते ७ मेगाहर्ट्झला द्यायचे. २० मीटर तार, एका टोकाला ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, तो माझ्याकडे बनवलेला पडून आहे, दोन वेढे प्रायमरी, चौदा सेकंडरी. त्याच तारेवर १४, २१, २८ पण चालतं. गच्चीपासून तार फार उंच नसली तरी चालेल, उलट सिग्नल सरळ वर जाऊन परत खाली येतो, आपल्याला नाशिक, संभाजीनगर, नागपूर, पुणे हेच पाहिजे. सकाळी सात ते नऊची वेळ माग, उन्हं चढली की ७ चा बँड मरगळतो. सेक्रेटरी साहेबांना हेडफोन नको देऊ, स्पीकर लाव, कुणीतरी मराठीत बोललं की काम झालं.

आणि ढग दिसले की, बाल्कनीतली असली तरी, कोॲक्स सेटमधून काढून ठेवायची सवय आत्तापासून लाव. एप्रिल-मे मधली आपल्याकडची वादळं सांगून येत नाहीत.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो, अर्ध्या तासाचा तर रस्ता. बांबूचं तेवढं तू बघ.

मेहरूणवाली

काका, तुम्ही येताय हे आईला सांगितलं, तिने भरीत-भाकरीचं ठरवून टाकलं, त्यामुळे दुपारपर्यंत थांबावं लागेल.

बांबूचं झालं. रावेरला मामाची केळी आहे, घडांना टेकू द्यायचे बांबू त्याच्याकडे ढिगाने पडलेत, चांगले सरळ बघून तीन काढून ठेवलेत, शुक्रवारी केळीच्या गाडीवर टाकून पाठवतो म्हणाला. बादल्या दोन मिळाल्या, वाळू भाऊ भरून ठेवतोय. चोपड्याच्या दादा, तुम्हाला यायचं असेल तर या, लूप घेऊन या, दोन्ही शेजारी शेजारी लावून बघू. सेक्रेटरी काकांना सात वाजता गच्चीवर बोलावलंय.